कडीचा टाक

पाली, ता. बीड
१८ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. शिवकन्या हिस आशीर्वाद.

दिवाळीच्या फराळाचा डबा मिळाला. यंदा आमच्याकडे सण नव्हता आणि खाणारा मी एकटा, त्यामुळे तो बरेच दिवस पुरला. डबा धुऊन ठेवला आहे.

पत्र लिहिण्याचे कारण एक काम आहे. तुझ्या बहिणीचे वर्षश्राद्ध वैशाखात येईल. त्याआधी तिचा सोन्याचा टाक करून घ्यावा असे मनात आहे. त्यासाठी तिच्या कानातली फुले मोडायला दिली आहेत. बीडच्या सराफा लाइनीत भारत डहाळे म्हणून सोनार आहे. आपल्या घरातले जुने डाग त्याच्या वडिलांनीच घडवलेले. त्याच्याकडे टाकाचा पितळी ठसा तयार आहे. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की बाई उमटते. पण ती एकच बाई आहे. तालुक्यातल्या जितक्या बायका गेल्या, त्या सगळ्या त्याच्या ठशातून सारख्याच निघतात. नाक सरळ, नाकात मोठी नथ, कपाळावर चंद्रकोर. मंजुळाने नथ कधी घातली नाही.

मी म्हणालो, मला तिचाच चेहरा पाहिजे. तो म्हणाला, मग पत्रा राळेवर बसवून मागच्या बाजूने बारीक खिळ्यांनी ठोकत उठाव काढावा लागेल, आणि समोर फोटो लागेल. इथे अडचण आहे. आमच्या लग्नात फोटोवाला नव्हता. मतदानाच्या ओळखपत्रावर तिचा फोटो आहे, पण तिने पदर इतका पुढे ओढला होता की नुसती सावली आली आहे. तिचा एकच चांगला फोटो मला माहीत आहे, तो तुझ्या लग्नातला. ती करवली होती. हातात करा घेऊन समोर बघत उभी आहे. तुमचे अजिनाथराव खताच्या दुकानाच्या कामाने बीडला येतात, त्यांच्याबरोबर तो पाठवावा. काम झाले की परत देईन.

टाकाला कडी लावायची आहे, म्हणून पत्रा जरा जाड घ्यावा असे भारतचे म्हणणे पडले. फुलांचे सोने पुरेल.

फोनवर बोललो असतो, पण एसटीडी बूथवर मागे माणसे उभी राहतात.

धर्मराज


धारूर
२ डिसेंबर ९६

दाजींना शिवकन्याचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. डब्याची काय घाई न्हाई. फोटोचं म्हणाल तर शोधते. ट्रंका समद्या माळ्यावर हायत आन ह्यांचे गुडघे धरल्यात, त्यामुळं कोण चढणार. अक्का त्या फोटोत लई देखणी दिसती हे मातर खरं. फोटोवाला म्हणला व्हता, नवरीपेक्षा करवलीच चांगली आली.

एक इचारू का, राग नका धरू. टाक तर देव्हाऱ्यात ठेवायचा असतो. आमच्या सासऱ्याचा हाय, सासूबाईचा हाय. त्यांना कुणालाच कडी न्हाई. मग अक्काच्या टाकाला कडी कावून लावायची?

जेवायचं कसं करता? भाकरी कोण करतं? सिदू पुण्याहून येऊन गेला का, आन त्याला ह्या टाकाचं सांगितलं का? सांगितलं नसलं तर आधी सांगा. पोरगा कितीबी मोठा झाला तरी आईचं असं काही परक्याकडून कळू नये.

शिवकन्या


पाली
१५ डिसेंबर १९९६

चि. सौ. शिवकन्या हिस आशीर्वाद.

कडी कशासाठी असे विचारलेस. कडी गळ्यात अडकवण्यासाठी असते. हा टाक देव्हाऱ्यात ठेवणार नाही, गळ्यात राहील.

जेवणाची काळजी करू नये. चंद्रभागाबाई म्हणून एक बाई येतात. त्यांच्या हाताला चव आहे. सिदूला अजून सांगितले नाही. अशा गोष्टी पत्रात नीट सांगता येत नाहीत, तो आला की समोरासमोर सांगेन.

फुले आटवली तेव्हा मी दुकानात बसून होतो. मुशीत टाकणखार टाकून भारतने फुंकणीने जाळ मारला. फुलांना झाळ फार निघाली. तुकडे एकमेकांना जोडायला जे हलके सोने वापरतात त्याला झाळ म्हणतात. ती जळून जाते, म्हणून वजनात घट आली. हल्ली केडीएम म्हणून नवी झाळ निघाली आहे, तिने कस उतरत नाही म्हणतात. बीडमध्ये आता एक काचेचे दुकान झाले आहे. तिथे सगळा माल केडीएमचा, आणि गिऱ्हाईक बसले की आधी थंड पेय देतात. भारत त्याला नावे ठेवतो, पण टाकाची कडी तोही केडीएमनेच जोडणार आहे.

त्याने गळ्याचे माप मागितले. मी दोरा धरून दिला. बाईच्या हिशोबाने माप बरेच मोठे आहे असे तो म्हणाला. मी म्हणालो, आहे ते आहे. त्यानंतर त्याने आपणहून चहा मागवला. हल्ली तो माझ्याशी फार अदबीने वागतो. गल्ल्याजवळ बसवतो. कारण समजले नाही.

आता फक्त फोटोसाठी काम अडले आहे. गुडघे दुखत असतील तर माळ्यावर दुसऱ्या कुणाला तरी चढवावे.

धर्मराज


धारूर
६ जानेवारी १९९७

दाजी,

आता लपवून काय उपयोग. आमचे हे परवा बीडला गेलते. म्हणले, फोटो तर न्हाई, निदान टाकाचं काम कुठवर आलं ते बघून यावं. दुकानात पाय ठेवला तर सोनार म्हणतो, 'या पावणं. साडूचं जमलं म्हणायचं. बाई कुठली हाय?' हे तसेच माघारी फिरले. मांजरसुंब्याला गाडी थांबली तरी खाली उतरले न्हाईत. घरी आले, ताटावर बसले, आन दुसरी भाकरी वाढताना सांगितलं.

बायको गेलेल्या माणसानं कडीचा टाक केला म्हंजी दुसरी यायची, हे शेंबड्या पोराला बी कळतं. पहिलीला सोन्याची करून दुसरीच्या गळ्यात घालायची, म्हंजी पहिली तिला पीडा देत न्हाई. मी सरळ इचारलं व्हतं, कडी कावून. तुमी लिहिलं, गळ्यात घालाय. एवढं उघड लिहिताय तर मी आडून कशाला बोलू.

वर्ष तरी होऊ द्यायचं व्हतं. आन कोण ती चंद्रभागाबाई. तिच्या हाताला चव हाय म्हणं. माझ्या अक्कानं जलमभर तुमाला भाकरी थापून घातली. तुमची पत्रं मी समदी जपून ठेवल्यात, एकात बी तसं लिहिलेलं न्हाई. आन गळ्याचं माप म्हणं मोठं. बाई हाय का म्हैस?

फोटो सापडायचा प्रश्नच नव्हता. ट्रंकेत वरच हाय. पण देणार न्हाई. अक्काचं तोंड परक्या बाईच्या छातीवर लोंबकळाय मी देणार न्हाई.

शिवकन्या


पाली
१० फेब्रुवारी १९९७

चि. सौ. शिवकन्या हिस आशीर्वाद.

पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला.

चंद्रभागाबाई सत्तरीच्या आहेत. त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्याविषयी असे लिहू नये.

बाकी मजकुराला उत्तर देण्यासारखे काही नाही. फोटो नको. भारतला ठशावरच करायला सांगितले आहे.

डबा बसने पाठवत आहे.

धर्मराज


धारूर
२४ फेब्रुवारी ९७

दाजींना शिवकन्याचा नमस्कार.

डबा मिळाला. झाकण दुसऱ्याच डब्याचं हाय, असू द्या.

उत्तर देण्यासारखं काय न्हाई म्हणलात, त्यातच आमाला कळायचं ते कळलं. चंद्रभागाबाई नसतील तर दुसरी कोणतरी हाय. मी दोन दिवस लई रडले. मग हे म्हणले, 'बाप्या माणूस एकटा किती दिस काढणार, त्यात धरणाच्या वाऱ्याला. परकी येण्यापरीस आपली बरी.' मला बी ते पटलं. अक्का परत येणार न्हाई, निदान तिचा टाक तरी आपल्या माणसाच्या गळ्यात राहील.

म्हणून स्पष्ट लिहिते. ह्यांची चुलतबहीण सरस्वतीबाई केजला अंगणवाडीत हाय. मालक जाऊन लई दिस झाले. मूलबाळ न्हाई. पगार हाय. बोलायला कमी, पण तुमाला काय फरक पडणार. मी तिला टाकाचं आधीच सांगून ठेवलंय, सोमवारी चिंचेनं घासायचा, न्हाताना काढायचा न्हाई. ती हो म्हणली. गळा मातर बारीक हाय. जे माप दिलंय ते बदलावं लागंल.

तुमी फोटो मागितला व्हता. सोबत पाठवते. हा सरस्वतीबाईचा हाय. अक्काचा, हे जमलं की मग देईन.

शिवकन्या


पाली
१२ मार्च १९९७

चि. सौ. शिवकन्या हिस आशीर्वाद.

पोस्टमनने तुझे पाकीट रस्त्यात दिले. मी तसाच बीडला निघालो होतो. हाताला जाड लागले, मला वाटले फोटो आला. म्हणून भारतच्या दुकानात उघडले. माझ्याआधी त्यानेच पाहिला. म्हणाला, छान आहेत, पण तात्या, गळा तर बारीक दिसतो.

आता लिहायलाच हवे. आपण गप्प बसलो की समोरच्याला कळते, असे मला वाटत आले. मंजुळाला कळायचे. इतरांचे तसे नसते हे या हिवाळ्यात समजले.

टाक माझ्या गळ्यासाठी आहे. माप माझे आहे. दुसरी बाई कुठेच नाही, आणि म्हैसही नाही.

पुरुषाने बायकोचा टाक घालायची रीत नाही, हे मला माहीत आहे. मी रीत मोडायला निघालेलो नाही. कारण वेगळे आहे आणि ते मी कुणाला सांगितलेले नाही. मंजुळाचा चेहरा मला आठवत नाही. तेराव्याला सिदूने सहज विचारले, आईची चमकी कुठल्या बाजूला होती. मला सांगता आले नाही. मी पाणी प्यायला उठून गेलो.

आमच्या घरी थोरल्यांसमोर बायकोकडे बघायची पद्धत नव्हती. थोरले गेले तोवर बघायची सवय राहिली नव्हती. तिचा आवाज आठवतो. चालताना जोडवी फरशीला लागायची, ते ऐकू येते. कालवा निरीक्षक म्हणून मी नोकरी केली, बिंदुसरेच्या धरणात कुठल्या साली किती पाणी होते ते आजही विचार. चेहरा म्हटले की पदर दिसतो. मला भीती वाटली की आणखी थोड्या दिवसांनी तोही दिसणार नाही. म्हणून टाक हवा होता. देव्हाऱ्यात ठेवला तर मी तिथेही बघणार नाही, माझी सवय मला माहीत आहे. अंगावर असला म्हणजे दिसेल.

ठशावरचा टाक तयार झाला. गळ्यात घातला आहे, सदऱ्याच्या आत. नथवाली बाई आहे. ती मंजुळा नाही, एवढे मात्र समजते.

सरस्वतीबाईंचा फोटो परत पाठवत आहे. त्यांना वाईट वाटेल असे काही सांगू नये. चूक माझ्याकडून झाली असे सांगावे. वर्षश्राद्धाला तुम्ही दोघांनी यावे. दुसरा फोटो द्यायचा की नाही ते तू ठरव.

धर्मराज


धारूर
२५ मार्च ९७

दाजींना शिवकन्याचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचाय घेतलं आन मधीच थांबले. चष्मा पुसायचा हाय म्हणून बाहेर गेले ते आलेच न्हाईत. मग मी वाचलं.

म्हैस म्हणले त्याचं मनावर घेऊ नका. ते ह्यांनी लिहाय लावलं व्हतं.

सरस्वतीबाईला सांगितलं. ती म्हणली, सुटले. तिला बी लगीन करायचं नव्हतं, पण आमाला न्हाई म्हणायची तिला लाज वाटत व्हती. चिंचेचं मातर इचारत व्हती, आता घासायची का न्हाई.

मग मी फोटो काढला. कधीचा बघितला नव्हता. काचेवरची धूळ पुसली. दाजी, त्यात अक्काचं तोंड न्हाई. ती खाली वाकून माझ्या शालूचा काठ सारखा करती हाय. दिसतो तो नुसता अंबाडा आन त्यातली अबोली. करा घेऊन समोर बघत उभी हाय ती ह्यांची बहीण. मी खिडकीत नेऊन बघितला, उलटा करून बघितला. इतकी वर्षं मी समद्यांना सांगत आले, अक्का फोटोत लई देखणी दिसती म्हणून. तुमी बी तेच लिहिलंत. ज्या फोटोपायी मी तुमाला नको ते बोलले, त्यात ती हायच न्हाई.

ह्यांनी एक युक्ती काढलीय. आमी दोघी बहिणी एका साच्यातल्या, असं समदं गाव म्हणायचं. तर मीच येते. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिशी सोनाराच्या समोर बसते, त्यानं माझ्यावरून नाकडोळे करावेत. वयाचं तेवढं सोडून द्यावं. आमच्या ह्यांना दुकानात बसू देणार न्हाई, ते मधी मधी बोलतील.

सिदूला सांगा, चमकी डावीकडं व्हती.

शिवकन्या


पाली
२८ मे १९९७

चि. सौ. शिवकन्या हिस आशीर्वाद.

वर्षश्राद्धाचे सगळे नीट पार पडले. तुम्ही आलात म्हणून स्वयंपाकाची अडचण झाली नाही. चंद्रभागाबाईंना तुझे बोलणे ऐकू आले म्हणे. एवढ्या मोठ्याने त्यांच्याशी आजवर कुणी बोलले नव्हते.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी टाक आणायला गेलो. भारतने काम चांगले केले आहे. तोच पत्रा राळेवर घेऊन नथ ठोकून बसवली, नाक तुझ्यावरून उचलले, हनुवटीला तुझ्यासारखी खळी दिली. घरी आणून घालायला गेलो तर डोक्यातून जाईना. तू समोर बसली होतीस तेव्हा त्याने नजरेनेच तुझ्या गळ्याचे माप घेतले आणि कुणाला न विचारता दोरा आखूड केला. परत गेलो. तो म्हणाला, 'तात्या, आता कशाला लाजता. बाई बघितली मी. चांगल्या घरची हाय.' मी सांगितले की ती माझी मेहुणी आहे, तिला नातवंडे आहेत, आणि बाहेर पायरीवर भजी खात बसले होते ते तिचे मालक. तो हसला आणि दोरा लांब करून दिला. त्याचा विश्वास बसलेला नाही. मी गेलो की आता शेजारचे दोन सोनारही उठून उभे राहतात.

सिदू दोन दिवस राहिला. त्याने टाक हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, शिवमावशी आहे. मी हो म्हणालो. खरे म्हणजे टाक अगदी तुझ्यासारखा झाला आहे. मेहुणीचा चेहरा गळ्यात घालून मी पालीत हिंडतो, हे अजिनाथरावांना कळवू नये.

तुझ्या मनाला लागावे म्हणून हे लिहीत नाही. उलट आहे. परवा दाढी करताना आरशात टाक दिसला आणि मनात आले, खळी नव्हती. मंजुळाची हनुवटी रुंद होती, आणि सुपात पाखडताना ती खालचा ओठ दाताखाली धरायची. वस्तरा हातात तसाच राहिला. काल नाकाचे आठवले. तुझे सरळ आहे. तिचे शेंड्याला जरा वळलेले होते, रागावली की ते आणखी वळायचे. आज उजव्या गालावर, कानाच्या जवळ, भाजल्याचा लहान डाग होता तो आठवला. तो कशाने पडला होता हे तुला माहीत असेल तर लिही. मी कधी विचारले नव्हते.

भारत म्हणाला होता, काही चुकले असेल तर आणा, पुन्हा राळेवर घेतो. आज बसने बीडला जायला निघालो होतो आणि थांब्यावरून परत आलो. टाक बरोबर झाला तर मी टाकाकडे बघेन, आणि तिच्याकडे बघायचे पुन्हा राहून जाईल. चुकीचा आहे तोवर रोज सकाळी काहीतरी दुरुस्त करायला मिळते.

भुवया अजून राहिल्या आहेत.

धर्मराज